तीन हजारांचे किट, दहा हजारांचा पहिला खर्च

गाडीचे प्लॅस्टिक मॉडेल किट पहिल्यांदाच घेत असाल, तर खोक्यावरच्या किमतीला तीनने गुणा. एवढे पैसे बाजूला काढता येत असतील तरच ऑर्डर द्या. खोक्यात गाडीचे भाग असतात, टायर असतात, स्टिकरसारखे डिकल असतात आणि सूचनापत्रक असते. गोंद, रंग, ब्रश, कटर यांतले काहीही नसते. खोक्यावर गाडी चकाचक लाल दिसते. आतली बॉडी बहुधा पांढऱ्या किंवा करड्या प्लॅस्टिकची निघते, आणि तो लाल रंग तुम्हालाच चढवायचा असतो.

पहिल्या किटचा हिशेब असा. किमती अंदाजी आहेत, दुकानागणिक फरक पडेल. किट ३,००० रुपये. प्लॅस्टिकचा पातळ गोंद ४००. निपर आणि कटर मिळून ६००. वॉटर पेपर १००. प्रायमरचा कॅन ९००. बॉडीच्या रंगाचा कॅन ८००. वरच्या क्लिअर कोटचा कॅन ८००. आतल्या भागांसाठी रंगाच्या चार छोट्या बाटल्या ९००. दोन ब्रश २००. मास्किंग टेप २५०. झाले ७,९५०. त्यात वाफ अडवणारा मास्क २,०००, म्हणजे जवळपास दहा हजार. दुसऱ्या किटपासून निपर, मास्क, टेप, उरलेला गोंद आणि प्रायमर हाताशी असतात, तेव्हा काम पाच हजारांच्या आसपास भागते.

आधी ठरवा, कोणते किट

मापाबद्दल फार विचार नको, १:२४ घ्या. चार मीटर लांबीची गाडी या मापात साधारण १७ सेंटीमीटर होते, टीव्हीखालच्या फळीवर मावते. रंग, डिकल आणि सुटे भाग याच मापात सर्वाधिक मिळतात. अमेरिकन कंपन्यांची किट बहुतेक १:२५ ची असतात, फरक डोळ्यांना जाणवत नाही.

पहिले किट तामियाचे घ्या. भाग एकमेकांत नेमके बसतात, त्यामुळे पुट्टी आणि घासकाम वाचते. भारतात ही किट साधारण अडीच ते पाच हजारांत मिळतात. हासेगावा, फुजिमी, आओशिमा यांची किटही चांगली असतात. फक्त त्यांच्या पत्रकातले रंगाचे क्रमांक बहुधा दुसऱ्याच जपानी कंपनीचे असतात. ते क्रमांक तामियाच्या क्रमांकांशी जुळवायला तक्ता लागतो. दुकानदाराकडून तो ऑर्डरपूर्वीच मागून घ्या, नाहीतर चुकीच्या बाटल्या घरी येतात आणि उघडलेली बाटली कोणी परत घेत नाही.

दहा हजार जास्त वाटत असतील तर दोन मार्ग आहेत. रेवेलच्या ‘ईझी-क्लिक’ मालिकेत गोंद लागत नाही, भाग रंगीत असतात आणि सुट्टीच्या एका दिवसात गाडी उभी राहते. दुसरा मार्ग म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने जोडायची धातूच्या बॉडीची किट, साधारण दीड ते अडीच हजारांना. घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेल आणि त्याला सोबत बसवायचे असेल, तर यांपैकीच एक घ्या. बहुतेक खऱ्या किटवर १४ वर्षांवरील असे छापलेले असते. गोंद, पाते आणि थिनर पाहता ते योग्यच आहे.

पैसे देण्याआधी खोक्याची बाजू वाचा. इंजिन आहे की नाही? इंजिन नसलेले किट पहिल्यासाठी उत्तम, कारण भाग कमी आणि रंगही कमी. पत्र्याचे कोरीव भाग आहेत का? असतील तर पहिल्या खेपेला नको. पत्रकात किती रंग सांगितले आहेत? आठ-दहा सहज असतात. सगळे घेऊ नका. चार बाटल्यांत काम होते: निम-चकाकीचा काळा एक्स-१८, मंद काळा एक्सएफ-१, चंदेरी एक्स-११ आणि मागच्या दिव्यांसाठी पारदर्शक लाल एक्स-२७.

पुणे जिल्ह्यातल्या चाकणला काम करणाऱ्यांना एका किटचा मोह हमखास होतो, बेल्जियमच्या बेलकिट्सचे फोक्सवॅगन पोलो रॅली कारचे. इथल्याच कारखान्यात २००९ पासून २०२२ पर्यंत पोलो तयार झाली, तेव्हा ओढ वाटणे साहजिक आहे. किट सुंदर आहे, पण डिकल आणि बारीक भाग भरपूर आहेत. ते तिसरे-चौथे किट म्हणून घ्या. पहिल्याच खेपेला घेतले तर महागडे किट अर्धवट पडून राहील.

कुठे वाचवा, कुठे नको

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात राहण्याचा फायदा इथे मिळतो. ४००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर चाकणच्या कोणत्याही हार्डवेअर किंवा ऑटो-पेंटच्या दुकानात सुटा मिळतो, हॉबी-शॉपचे पाकीट नको. क्लिअर कोटला शेवटची चकाकी आणायला गाडीच्या पॉलिशिंगचे बारीक कंपाउंड चालते. नाजूक भाग कापायला इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा सपाट धारेचा निपर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन-तीनशेला मिळतो. हॉबीचा निपर अडीच हजारांच्या पुढे जातो, तो सध्या विसरा. तामियाच्या अ‍ॅक्रिलिक बाटल्या पातळ करायला कंपनीच्याच थिनरचा आग्रह नको, आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. खिडकीची काच चिकटवायला साधा पांढरा फेव्हिकॉल वापरा, वाळल्यावर पारदर्शक होतो. तिथे झटपट चिकटणारा गोंद लावलात तर त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते आणि ती पुन्हा स्वच्छ करणे जिकिरीचे असते.

आता जिथे हात आखडू नये त्या गोष्टी. प्रायमर, बॉडीचा रंग, गोंद, टेप आणि मास्क. हार्डवेअरच्या दुकानातला दोन-अडीचशेचा स्प्रे कॅन लोखंडी ग्रिलसाठी असतो. त्यातले सॉल्व्हंट मॉडेलचे पॉलिस्टायरिन खाते, पृष्ठभागावर जाळीसारख्या भेगा येतात. वापरायचाच असेल तर आधी भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात त्या फेकायच्या रनरवर मारून बघा. एनसी थिनरलाही हीच सूचना. मास्किंग टेपचेही तसेच: भिंतीच्या रंगकामाची टेप कड सोडते, रंग आत झिरपतो आणि काढताना गोंदही मागे राहतो.

तामियाच्या कॅनवर तीन अक्षरमाला असतात. टीएस गाडीच्या मॉडेलसाठी, एएस विमानांच्या रंगछटांसाठी आणि पीएस रिमोट कारच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी. दुकानात टीएस संपला असेल तर ‘हाच घ्या, रंग तोच आहे’ म्हणून पीएस पुढे केला जाऊ शकतो. घेऊ नका, तो तुमच्या बॉडीवर चालत नाही. १०० मिलिलिटरच्या टीएस कॅनमध्ये एक बॉडी नीट होते, हात हलका असेल तर दोन.

आणखी एक आडवाट या भागात वारंवार सुचवली जाते: कंपनीच्या पेंट शॉपमधून बाटलीभर खरा रंग आणायचा. दोन कारणांनी तो विचार सोडा. गेटवर सापडलात तर बाटलीभर रंगापायी नोकरी जाईल, कंत्राटी कामगाराची तर आधी. दुसरे कारण तांत्रिक आहे. कारखान्यात मारलेला रंग सुमारे १४० अंशांच्या ओव्हनमध्ये पक्का होतो, तर मॉडेलचे प्लॅस्टिक १०० अंशांच्या आसपासच मऊ पडते. घरी तो रंग आठवडाभर चिकटच राहील. तुमच्या खऱ्या गाडीचाच रंग मॉडेलवर हवा असेल तर गाडीवरचा रंगाचा कोड टिपून घ्या आणि टच-अप करणाऱ्या ऑटो-पेंटच्या दुकानातून हवेवर वाळणारा रंग थोडासा मिसळून घ्या. किमान किती मिलिलिटर देतात ते आधी विचारा. खाली मॉडेलचाच प्रायमर मारा, तोही दोन पातळ थरांत. त्याच दुकानात हार्डनर घालायचा टू-के क्लिअर पुढे केला जाईल. चकाकी अप्रतिम येते, पण हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असते. घरात तो मारू नका.

खोलीत रंग मारण्याआधी

चाकणजवळच्या महाळुंग्यातल्या भाड्याच्या एका खोलीत बहुधा गॅसही तिथेच असतो. स्प्रे कॅनमधला वायू आणि थिनरची वाफ दोन्ही पेट घेतात. गॅस पेटलेला असताना, देवापुढे दिवा किंवा उदबत्ती चालू असताना कॅन हातात घेऊ नका. गच्ची किंवा गॅलरी गाठा. मोठे पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्याच्या आत रंग मारा. अशी खोकी इथल्या भंगारवाल्यांकडे स्वस्तात मिळतात. भिंतीवर रंग उडाला तर डिपॉझिटमधून कापला जातो, म्हणून घरमालकाला आधी सांगितलेले बरे.

एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. तुम्हाला लागतो तो दोन्ही गालांवर काडतुसे असलेला रबरी अर्धा मास्क. काडतूस ‘ऑरगॅनिक व्हेपर’ प्रकारचे आहे ना, ते वाचून घ्या. चाकण आणि भोसरीच्या सेफ्टी साहित्याच्या दुकानांत तो मिळतो. मास्क बाराशे-पंधराशे, काडतुसांची जोडी वेगळी, सहाशेच्या पुढे. दुकानदार मास्कचीच किंमत सांगतो, काडतुसांसह किती ते विचारा. वापर झाला की काडतुसे हवाबंद पिशवीत ठेवा, उघडी ठेवली तर नुसती पडूनच निकामी होतात.

वेळही नीट निवडा. पाऊस चालू असताना कॅनमधला लॅकर रंग मारला की हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि चकाकीवर पांढरट धुके बसते. जुलै-ऑगस्टमध्ये जोडणी आणि ब्रशकाम करा, बॉडीचे स्प्रेकाम दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतच्या कोरड्या सकाळी. एप्रिल-मेच्या भर दुपारी रंग बॉडीवर पोहोचण्याआधीच अर्धा वाळतो, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. कॅन उन्हात किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नका.

गुरुवारी सुट्टी असणाऱ्यांसाठी वेळापत्रक जमते असे. पहिल्या आठवड्यात बॉडी साबणाने धुऊन, वाळवून, सांध्याच्या रेषा घासून प्रायमर. पुढच्या सुट्टीला रंगाचे तीन पातळ थर. त्यापुढच्या सुट्टीला डिकल, आणि ते दोन दिवस वाळले की क्लिअर. मग निदान आठवडाभर हात लावायचा नाही, त्यानंतर पॉलिश. मधल्या संध्याकाळी सीट, डॅशबोर्ड, चाके. पाळी बदलत असेल तर पाच-सहा आठवडे धरा. घाई फक्त क्लिअरनंतर महागात पडते: अर्धवट वाळलेल्या थरावर बोटाचा ठसा उठतो आणि सगळे पुन्हा घासावे लागते.

एअरब्रशची घाई नको. तीन किट होईपर्यंत कॅन पुरतात. त्यानंतर ०.३ मिलिमीटर नोझलची गन दीड ते तीन हजार आणि टाकी, प्रेशर गेज व पाणी अडवणारा फिल्टर असलेला छोटा कॉम्प्रेसर सात ते दहा हजार. बॅटरीवर चालणारा अडीच-तीन हजारांचा संच छोट्या भागांना चालतो, पूर्ण बॉडीला त्याची हवा कमी पडते. ओळखीच्या वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर वापरता येतो, पण त्याचा दाब सहा-आठ बार असतो आणि हवेत तेल-पाणी येते. तुम्हाला एक ते दीड बार पुरतो. रेग्युलेटर आणि फिल्टर लावल्याशिवाय गन जोडू नका.

परदेशातून मागवायचे असेल तर

जपानी संकेतस्थळावर दोन हजारांचे दिसणारे किट इथे चार हजारांना का, हा प्रश्न पडेलच. खेळण्यांवरचे आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के, मॉडेल किटही त्याच शीर्षकात बसतात. वैयक्तिक वापराच्या पार्सलचा दर वेगळा असतो आणि तो अर्थसंकल्पात बदलतो. म्हणून मागवण्याआधी त्या महिन्याचा दर सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहा.

खरी मेख पुढे आहे. शुल्क फक्त किटवर लागत नाही, पोस्टेज धरून लागते. किट २,००० आणि पोस्टेज १,५०० असेल तर आकारणी ३,५०० वर. त्या शुल्कासह झालेल्या रकमेवर जीएसटी. त्यानंतर काही कुरिअर कंपन्या ‘तुमच्या वतीने शुल्क भरले’ म्हणून वेगळी फी लावतात, ती दारात कळते. मागवण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न लिहून विचारा: सर्व कर धरून माझ्या दारात किती?

कागदपत्रे म्हणून आधार किंवा पासपोर्ट, पॅन, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा तयार ठेवा. कुरिअर कंपनी ती लिंकवर मागते. वैयक्तिक वापरासाठी आयात-निर्यात परवान्याचा क्रमांक लागत नाही. लागतो असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस प्रमाणन सक्तीचे आहे. खोक्यावर १४ वर्षांवरील असे छापलेले असेल तर पार्सल अडल्यास तेवढे दाखवता येते, म्हणून विक्रेत्याकडून खोक्याच्या त्या बाजूचा फोटो घेऊन ठेवा.

‘अमेरिकेतल्या भावाला गिफ्ट म्हणून पाठवायला सांगतो’ ही जुनी वाट बंद आहे. डिसेंबर २०१९ पासून गिफ्ट म्हणून करमाफी मिळत नाही, अपवाद राखी आणि जीवरक्षक औषधांचा. किंमत कमी लिहून घेऊ नका, माल जप्त होऊ शकतो आणि दंडही बसतो.

सरळ आणि स्वस्त मार्ग आहे तो कंपनीतल्या सहकाऱ्याचा. चाकणहून जर्मनी-जपानला माणसे जात-येत असतात. परतणाऱ्या प्रवाशाला सामानात करमुक्त सूट मिळते. २०१६ च्या नियमांत ती ५० हजार रुपये होती, चालू आकडा निघण्यापूर्वी पाहून घ्या. एक-दोन किट सहज बसतात. खोके मोठे असते, म्हणून आतल्या पिशव्या आणि पत्रक आणायला सांगा, खोके घडी घालून. पण रंगाचे कॅन, थिनर आणि गोंद आणायला सांगू नका. ते ज्वलनशील आहेत, विमानाच्या सामानात चालत नाहीत आणि अडचणीत तुमचा सहकारी येतो. याच कारणाने भारतातल्या भारतातही रंगाचे पार्सल विमानाऐवजी रस्त्याने येते. किट तीन दिवसांत आले तरी रंगाला आठवडा धरा.

पत्ता नीट लिहा. पुणे जिल्ह्यात महाळुंगे एक नाही. बालेवाडीजवळच्या महाळुंग्याचा पिन ४११०४५, चाकणजवळच्या महाळुंग्याचा ४१०५०१. आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ वेगळेच. ‘महाळुंगे इंगळे, चाकण–तळेगाव रस्ता, ता. खेड, ४१०५०१’ असे पूर्ण लिहा. पत्त्याच्या रकान्यात अ‍ॅपने पर्याय सुचवला तर पिन तपासूनच निवडा. फेऱ्या मारून परत गेलेल्या पार्सलचे पोस्टेज बहुतेक विक्रेते परत करत नाहीत.

जुने किट घेताना

अर्धवट सोडलेली किट निम्म्या किमतीत मिळतात. चार फोटो मागा: आतल्या पिशव्या, काचेचे भाग, डिकल आणि टायर. डिकल पिवळे पडले असतील तर पाण्यात टाकताच तुटतात. जुन्या मऊ टायरमधले रसायन चाकाच्या प्लॅस्टिकला वितळवते, त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवलेले असतील तर चाके पाहून घ्या. आगाऊ पैसे पाठवू नका, माल हाती येताना द्या. फसवणूक झालीच तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० वर कळवा.

नव्या किटचे पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पत्रकातल्या चौकटी मोजा, एखादी कमी असेल तर काहीही कापण्याआधी तक्रार करा. एक भाग जरी कापला तरी परतावा मिळत नाही. आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि सर्व करांसह एमआरपी असलेला चिकटवलेला कागद असायला हवा. तो नसेल तर पुढे दाद मागायला धरायचे कोणाला, हा प्रश्न उरतो. म्हणून बिल घ्याच, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर समाधान मानू नका.

ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल. तो टाळत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही काम झाले नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. बिल, व्हिडिओ आणि विक्रेत्याशी झालेला लेखी पत्रव्यवहार एकाच फोल्डरमध्ये ठेवा.